शेंडे कठीण होईपर्यंत

५ जुलै १९८८

आर्ची ट्रेलरवरून पडला. मांडीचं हाड मोडलं! इस्टेटचा हेड फॉरेस्टर हॉस्पिटलात, आणि जंगल बघायला उरलं कोण, तर मी — एप्रिलपासूनची ट्रेनी. मॅनेजर लॉरिमरसाहेब म्हणाले, "ऑक्टोबरपर्यंत तूच बघ, सुनीती. नीट झालं तर कायम करतो."

नीट म्हणजे नेमकं काय, ते विचारायचं राहूनच गेलं.

६ जुलै

टेकडीवरच्या नव्या लागवडीत दिवस काढला. पाइनची रोपं गुडघ्याएवढी, आणि भोवती ब्रॅकन. म्हणजे आपलं नेचंच, पण माझ्या छातीपर्यंत! उन्हाळ्यात सगळा प्रकाश खातं, हिवाळ्यात वाळलं की बर्फासकट रोपांवर आडवं पडतं. रोपं दिसतच नाहीत, चाचपून शोधावी लागतात. सापडलं की मी "सॉरी हं" म्हणते आणि बाजूचे देठ मोडते. कुणी ऐकलं तर काय म्हणेल!

९ जुलै

तणनाशक फवारणारी टोळी सोमवारी येणार. तारीख आर्चीनेच मार्चमध्ये ठरवलेली — पण त्यानंतर वसंत इतका थंड गेला की सगळंच उशिरा चाललंय. वर्षाची वाढ थांबून शेंडा कठीण झाला, तरच पाइनला हे तणनाशक सोसतं. नाहीतर ब्रॅकनबरोबर पाइनही जातो. आज पन्नासेक शेंडे वाकवून पाहिले. मटकीच्या मोडासारखे मऊ!

आर्चीला फोन केला. ऑपरेशन झालंय, बोलू देत नाहीत.

१० जुलै

पुन्हा पाहिले. मऊच.

११ जुलै

परत पाठवली टोळी! मी!

मुकादम डगी पंप पाठीला लावून तयार. म्हणाला, "पोरी, फवारणी म्हणजे जुलै. तुझ्या झाडांना कॅलेंडर वाचता येत नाही का?"

"नाही येत," मी म्हटलं. "म्हणूनच थांबायचं."

"ऑगस्ट पूर्ण भरलाय आमचा. परत येणं जमायचं नाही."

"नका येऊ."

ते व्हॅन वळवून थेट पलीकडच्या इस्टेटवर गेले. तीच टेकडी, तोच पाइन, तेवढंच वय. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पंपांचा आवाज ऐकू येत होता. लॉरिमरसाहेबांनी विचारलं, "खात्री आहे तुझी?" मी म्हटलं, "नव्वद टक्के." खोटं कसं सांगू? त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

उरलेले दहा टक्के घेऊन घरी आले.

१७ जुलै

ग्लासगोला फोन. सगळं आईला सांगितलं. बाबांची नोकरी दर सहा महिन्यांनी नव्या हॉस्पिटलात, म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत आईच माझी शाळा होती. मराठी रोजनिशी हा तिचाच गृहपाठ, अजून सुटत नाही. ती एवढंच म्हणाली, "मग हातानं तण काढायचं. त्यात काय!"

"अगं आई, अख्खी टेकडी आहे!"

"आणि आम्ही काय मेलोय?"

६ ऑगस्ट

आले! सगळेच आले! मिनीबस भरून ग्लासगोची मंडळी — आई, बाबा, शैलामावशी, जगदीशकाका, आमच्या धम्मवर्गातले आणखी आठ-दहा जण. साड्यांवर पावसाळी अनोरॅक, पायात रबरी वेलिंग्टन बूट, सोबत थालीपिठं.

मी बजावलं — कापायचं नाही, ब्रॅकनमध्ये रोप दिसत नाही. आधी रोप चाचपायचं, मग भोवतालचं ब्रॅकन पायानं मोडायचं. बाबा म्हणाले, "मला नको शिकवूस, मी सर्जन आहे." विळा घेतला, आणि पहिल्याच फटक्यात पाइन खलास. मग आई — "तीस वर्षं ऑपरेशनं केलीत, आणि पेशंटचं डोकंच उडवलंत!" बाबांनी निमूटपणे विळा बसमध्ये नेऊन ठेवला.

तरी काम विस्कळीतच चाललं होतं. इकडे दोनदा तुडवलेलं, तिकडे कुणी पोचलंच नाही. शेवटी जगदीशकाका ओरडले, "अरे, मोर्चे काढलेले लोक ना आपण? ओळ धरा!" हाताला हात लावून एक लांब रांग, आणि टेकडी चढायला सुरुवात! "ब्रॅकन हटाव!" "पाइन बचाव!" कुणाच्या पायाला रोप लागलं की तो हात वर करायचा, सगळे थांबायचे, तेवढं मोकळं करून पुढे. एक झाड चुकलं नाही. मला हे सुचलंच नव्हतं — मी एकटीच वेड्यासारखी गोल-गोल फिरत होते.

तिसऱ्या प्रहरी मिजेसचा, म्हणजे इथल्या चावऱ्या चिलटांचा, ढग आला. बायकांनी पदर तोंडावरून ओढून घेतले, पुरुषांना मात्र फोडून काढलं. शैलामावशी पदरातून म्हणाली, "पाच वार उगाच नेसत नाही आम्ही!"

डगी रस्त्यावरून गेला. व्हॅन थांबवून बघत राहिला.

१३ ऑगस्ट

धो धो पाऊस. तरी आले. उरलेली बाजू झाली!

२४ ऑगस्ट

पाऊस. शेंडे आता कठीण — पण फवारायला टोळी नाही, कोरडा दिवसही नाही. असो.

५ सप्टेंबर

पलीकडची इस्टेट बघून आले. बघायला नको होतं.

ब्रॅकन सगळं तपकिरी, मेलेलं. आणि पाइन? हिरवेगार! सरळ, देखणे, ओळीत. आमच्याकडे मात्र तुडवलेलं ब्रॅकन पुन्हा डोकं काढतंय. डगी कुंपणाशी भेटला. "वाचता येतं बघ त्यांना कॅलेंडर!" मीही हसले. मग व्हॅनमध्ये बसून डायजेस्टिव्ह बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला.

११ सप्टेंबर

आर्चीला भेटले. म्हणाला, "मीही तेच केलं असतं."

"पण ती हिरवी आहेत, आर्ची."

"मग मीही शिव्या खाल्ल्या असत्या."

एवढ्यानंही बरं वाटलं.

१४ ऑक्टोबर

कायम नाही केलं.

लॉरिमरसाहेब वाईट बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. "कष्टाळू आहेस. पण प्रत्येक रोपापाशी अडणारं माणूस मला नको." भांडावंसं वाटलं, पण कशाच्या जोरावर? खिडकीतून पलीकडची टेकडी दिसत होती. हिरवी!

१९ जानेवारी १९८९

ग्लासगो. कौन्सिलच्या पार्क्स खात्यात नोकरीला लागले. गुलाब छाटते. लोक छान आहेत, डबा वाटून खातात. माझं लोणचं त्यांना फार आवडतं, डोळ्यांतून पाणी काढत काढत मागतात.

जेवताना बाबांनी विचारलं, "वाईट वाटतं का गं अजून?"

"शेंडे मऊ होते, बाबा. मी बोटांनी पाहिलंय."

"मग झालं तर," म्हणाले, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

२७ मे १९८९

आर्चीचा फोन. काठी टेकत टेकडी चढला म्हणे. पलीकडच्या पाइनना यंदा कोंबच फुटले नाहीत — सुया अजून हिरव्या, पण मऊ शेंड्यांतून शिरलेल्या तणनाशकानं कळ्या आतून काळ्या. ओळीच्या ओळी! आनंद व्हायला हवा होता. आधी तोंडातून निघालं — बिचारी झाडं.

"आणि आपले?" मी विचारलं.

"वीत-वीत वाढलेत. लॉरिमर विचारतोय, सोमवारी येशील का?"