कोरडा खिळा

५ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांनी आज परवानगी दिली! अडीच महिन्यांनी पाखरी गोठ्याबाहेर निघाली. खोगीर नाही, बसायचं नाही — नुसतं दोरीला धरून दहा मिनिटं चालवायचं, तेही सपाट रस्त्यानं. दुखरा पाय टेकताना घोडीनं मान वर झटकली तर तिथंच थांबायचं. नाही झटकली. पुढच्या डाव्या पायाची नस चाचपून पाहिली — गार, सूज नाही.

पण आनंद धड झालाच नाही. परत येताना शेजारचा रंगनाथ भेटला. म्हणाला, "झाली का नीट? त्या म्हाताऱ्यानं लय वाटोळं केलतं बघ." मी हं म्हणालो. हं!

६ जानेवारी

दहा मिनिटं. मान स्थिर. वाटेत कुणी भेटलं नाही, बरं झालं.

९ जानेवारी

लिहूनच टाकतो. इथं कोण वाचणार आहे.

भाऊबीजेला मनिषा जीपनं माहेरी गेली आणि मी पाखरीवर — जावईबापूंचा थाट! जेवणं झाल्यावर मेव्हणे म्हणाले, दाजी, रेवाळ दाखवा. रेवाळ चालीत घोडी पळते पण तिची पाठ हलत नाही. स्वारानं हातात भरलेला कप धरायचा; थेंब सांडला नाही की लोक वाहवा करतात. मऊ मातीत ती चाल कशी शोभणार, टापांचा आवाज नको का? म्हणून मी तिला नव्या सिमेंट रस्त्यावर काढली. पायाला वाईट असतं हे मला माहीत होतं. एका हातात लगाम, दुसऱ्यात चहा. दोन फेऱ्या झाल्या. तिसरीत सगळं लक्ष कपाकडं, आणि गतिरोधक मला दिसलाच नाही. पाखरी अडखळली, गुडघ्यावर आली, सावरली. चहा माझ्या शर्टावर. सगळे हसले, मीही हसलो. संध्याकाळी तिच्यावर बसूनच घरी आलो. दुसऱ्या दिवशी तिला पाय टेकवेना.

आणि गावात काय सांगितलं मी? भुजंगमामांनी नाल मारताना खिळा खुराच्या जिवंत भागात घातला! सहा दिवसांपूर्वीच त्यांनी नाल मारली होती, त्यामुळं सगळ्यांना पटलं. चाळीस वर्षं हा माणूस आसपासच्या गावांत बैलांना, घोड्यांना नाल मारतोय. निरोप मिळाल्याबरोबर धावत आले. नाल काढली, एकेक खिळा बोटावर घासून पाहिला. कोरडा. ना रक्त, ना पू. मला वाटलं, आता पकडला गेलो. पण ते म्हणाले, "माझ्याच नजरंचं चुकलं आसंल. माफ कर, बाबा."

आणि मी त्यांना माफ केलं!

तिसऱ्या दिवशी परभणीचे डॉक्टर आले, नस दुखावली आहे म्हणाले. ते मी गोठ्याबाहेर जाऊ दिलं नाही.

१४ जानेवारी

तिळगूळ देताना मनिषा म्हणाली, "भुजंगमामाकडं जाऊन या की तुमी." मी म्हणालो, आज आपल्या दुकानात गर्दी असते. तिला सगळं माहीत आहे, तो शर्ट तिनंच धुतला. मामांच्या वाटणीचा तिळगूळ तिनं पुडीत बांधून ठेवला. भांडली असती तर एवढं लागलं नसतं.

१९ जानेवारी

वीस मिनिटं. हरभरा बंद केलाय तरी घोडीच्या अंगात मस्ती. एकदा दोरीच हिसकली!

२५ जानेवारी, रविवार

आज बसलो. पाचच मिनिटं, नांगरलेल्या रानाच्या कडेनं, नुसती चाल. रिकिबीत घातलेला पाय मी दोनदा काढून घेतला. ती कान मागं करून माझी चाहूल घेत होती. लगाम ढिला सोडला तर मुकाट चालायला लागली, पाय जपून टाकत. माझ्यावर भरवसा ठेवून! तिनं पाडलं असतं तर बरं वाटलं असतं. उतरल्यावर तिच्या मानेला कपाळ टेकून उभा राहिलो. लाज वाटते. लाज वाटते एवढंच लिहिता येतंय.

१ फेब्रुवारी

दुडकी चाल सुरू करायच्या आधी नवी नाल मारून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. घोडीला नाल मारणारं जवळपास दुसरं कुणी नाही; आता भुजंगमामांना टाळणं अशक्य. चुडाव्याच्या बाजारात गेलो. स्टेशनकडच्या लिंबाखाली त्यांची जागा रिकामी. शेजारी बांगड्या विकणारी बबिता म्हणाली, "मामा दिवाळीपास्नं येईना झालेत. त्यांना कुणी बोलवंना झालंय. रंगनाथ बी बैलं पूर्णेला न्यायलाय नाल माराया. आन् मामा म्हणत्यात, मुक्या जनावराला इजा झाली माझ्या हातून, आता हात लावायचा न्हाई."

तीन महिने मी या बाजारात फिरकलो नव्हतो. का फिरकलो नाही, ते मला चांगलं ठाऊक आहे.

५ फेब्रुवारी

उद्या जातो. नक्की.

६ फेब्रुवारी

गेलो नाही. पाखरीचं पोट दुखतंय, असं मनिषाला सांगितलं. पाखरी ठणठणीत आहे. मनिषा गोठ्यात जाऊन तिला बघून आली आणि स्वयंपाकाला लागली.

८ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. मामांच्या ओट्यावर, कडूबाईमामींसमोर — कप, रस्ता, डॉक्टर, सगळं. मग शिव्यांची वाट बघत मान खाली घालून बसलो. मामांनी एवढंच विचारलं, "म्हंजी माझा हात चुकला न्हवता?" नाही म्हणालो. त्यांनी परत तेच विचारलं. परत नाही म्हणालो. ते ताडकन उठले, तोंडभर हसले. "चल, नाल मारू घोडीला. आगं, माझी हत्याराची पिशवी आण."

मामी जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "आता कुठली पिशवी? परवाच भंगारवाल्याला दिली न्हाई का तुमी?"

परवा म्हणजे सहा तारीख.