मागच्या दाराचा दिवा

कार्मेलो, २१ मे

प्रिय नेस्तोर,

स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या अर्ध्या भागावर हा कागद आहे आणि उरलेल्या अर्ध्यावर गांजाची फुलं. नखं कापायच्या कात्रीने त्यांची पानं काढून मी फुलं काचेच्या बरणीत भरते आहे. बाबा खुर्चीत बसून बघताहेत. हे वाचून तू हसशील की पत्र फाडून टाकशील, ते मला सांगता येत नाही. तेरा वर्षांत तुझा चेहरा मी माझ्या सोयीने बदलत आले आहे.

बाबांच्या हातांपासून सुरुवात करते. वाळू वाहणाऱ्या बोटींवर एवढी वर्षं काढली, त्याची वसुली आता हात करताहेत. गेल्या हिवाळ्यात यर्बाचा चहा पितो तो भोपळ्याचा पेला, आपला भोपळा, त्यांच्या हातून दोनदा पडला. तिसऱ्यांदा त्यांनी तो धरलाच नाही, म्हणाले, आज नको. ते कधी 'नको' म्हणाल्याचं तुला आठवतं का? डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोट जळायचं, म्हणून त्या बंद केल्या. झोप तर गेलीच होती.

आपल्या निबियाबाई, ज्यांनी तुला पाढे शिकवले, त्या आता सत्तरीच्या आहेत आणि परसात गांजा लावतात. एकदा त्या आल्या आणि शुद्धलेखन घालावं तशा आवाजात म्हणाल्या, "आदेमार, गुडघ्याला लावायला मी त्याचं तेल करते. फाबिआनाला लावू दे चार झाडं. तुझ्या मिशा काही गळून पडणार नाहीत." तेरा वर्षांपूर्वी याच परसातून बाबांनी तुझी गांजाची तीन झाडं उपटून, तुझ्या कपड्यांच्या पिशवीबरोबर रस्त्यावर टाकली होती. सगळी गल्ली बघत होती. मीही बघत होते, आणि काही बोलले नव्हते. आता बाबांनी एवढंच विचारलं, "कायद्यात बसतं का?" बाई म्हणाल्या, "आता बसतं. पोस्टात जाऊन नाव नोंदवायचं, बस."

पोस्टात ते टाय बांधून आले. खिडकीमागे तुझ्या वर्गातला लालकेशा हुगो होता. शिक्का मारता मारता तो म्हणाला, "आणि नेस्तोर काय म्हणतो?" बाबा भिंतीवरचं टपालाचं दरपत्रक वाचत राहिले. मी म्हणाले, बरा आहे. आई गेल्यावर तू पाठवलेल्या दोन ओळींच्या जोरावर मी एवढं म्हणू शकले.

निबियाबाईंनी वहीच्या कागदाच्या पुडीत सहा बिया दिल्या. ऑक्टोबरात मी त्या ओल्या कागदी रुमालात ठेवून दोन बशांमध्ये झाकल्या. तिसऱ्या दिवशी सहाही बियांना पांढरी शेपटं फुटली. मी तुला ओरडून सांगणार होते, इतका आनंद झाला. रोपं वीतभर झाल्यावर मी ती मागच्या दाराशी, आईच्या गुलाबांच्या जागी, जमिनीत लावली. फुलं धरली की इथे भिंतीवरून उड्या मारून झाडं चोरतात. दाराशी, दिव्याखाली असली म्हणजे खिडकीतून लक्ष राहील. स्वतःच्या हुशारीवर मी फार खूश होते.

जानेवारीत सहातली दोन नर निघाली. नर ठेवले तर बाकीच्यांत नुसत्या बिया भरतात, ते उपटावेच लागतात. मी बाबांना हाक मारली. त्यांनी बुंध्याला हात घातला आणि तसेच वाकून उभे राहिले. मला वाटलं, बोटं दुखली. ते म्हणाले, "तू उपट. मी एकदा उपटलीत." आणि आत गेले.

मार्चमध्ये निबियाबाईंची झाडं फुलांनी वाकली होती. आमची माझ्या डोक्याच्या वर गेली होती, पण नुसती पानं. बाई संध्याकाळी बघायला आल्या, मान वर करून त्यांनी दिव्याकडे पाहिलं. "हा रात्रभर असतो?" म्हटलं, असतो. "अगं, रात्र मोठी झालेली कळली की हे झाड फुलतं. तुम्ही बिचाऱ्यांना रात्रच होऊ देत नाही. त्यांना वाटतंय अजून जानेवारीचा उन्हाळाच आहे!" मी बटणाकडे गेले तर बाबा आडवे आले. दिवा राहू दे, म्हणाले, चोरांसाठी आहे. बाई म्हणाल्या, "म्हणजे चोरांना नीट दिसावं म्हणून?" बाबा हसले नाहीत.

मी झाडांवर काळं प्लास्टिक टाकून पाहिलं. दोन फांद्या मोडल्या, आत ओल धरली. तोवर बाबांना शर्टाची बटणंही लावता येईनाशी झाली होती. एका सकाळी त्यांची बटणं लावताना मी चिडून म्हणाले, असं काय सोनं जडवलंय त्या दिव्याला! ते माझ्या हातांकडे बघत म्हणाले, "तिसरी पायरी फुटकी आहे. नदीपलीकडून, टिग्रेहून येणारी शेवटची बोट अंधार पडल्यावर लागते. तो आला तर मागच्याच दाराने येणार."

नेस्तोर, मी इतकी वर्षं समजत होते की तो दिवा आई लावते. आई गेल्यावर वाटलं, सवय असेल. पण या तेरा वर्षांत मी एकही बल्ब विकत आणलेला नाही, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं.

त्या संध्याकाळी बाबांनी स्वतःच दिवा बंद केला. बोटं वळत नाहीत म्हणून कोपराने. त्याआधी दिवसभर खपून, मनगटाला फडक्याने ब्रश बांधून, त्यांनी तिसऱ्या पायरीच्या कडेला चुना लावला. मला म्हणाले, "त्याला लिही. दिवा झाडांसाठी बंद आहे म्हणावं." झाडं सात आठवडे रात्री अंधारात राहिली आणि फुलली. उशीर झाल्यामुळे फुलं बारीक आली, काहींना बुरशी लागली, पण आईच्या रिकाम्या कपाटात दोन आठवडे वाळवल्यावर दोन बरण्या भरतील एवढी निघाली आहेत. निबियाबाईंच्या तेलाने बाबांचं दुखणं गेलेलं नाही. पण परवा ते सलग चार तास झोपले, आणि आज सकाळी भोपळा दोन्ही हातांत धरून बसले होते.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. मार्चमध्ये मी तुला पत्र लिहिलं नाही. रोज कागद घ्यायचे, आणि रस्त्यावर पडलेली तुझी पिशवी आठवायची. बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, टाकलं पोस्टात. तेव्हापासून पोस्टमन पुढे निघून गेला की ते विचारतात, "उत्तर?" मी म्हणते, येईल. झाडं कापली त्याच संध्याकाळी त्यांनी दिवा पुन्हा लावला, आणि काल रात्री जेवताना म्हणाले, "पत्र पोचलं नसेल आणि तो मधेच आला असेल तर? अंधार बघून परत गेला असेल." त्यानंतर त्यांनी ताटाला हात लावला नाही. मी त्यांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मग उद्याच लिही. आणि विचार त्याला." म्हणून विचारते. त्या सात आठवड्यांत तू येऊन गेलास का? आला असशील, तर तो अंधार तुझ्यासाठी नव्हता. दिवा लागलेला आहे. चुना पावसाने थोडा गेलाय, तरी पायरी दिसते.

टेबलापलीकडून बाबा विचारताहेत, झालं का लिहून. हो म्हणते आहे, या वेळी खरं.

तुझी बहीण,
फाबिआना