घड्याळाला लावलेलं पहिलं कुलूप

कारखाना वसाहत,
२० फेब्रुवारी १९७१

तीर्थरूप कानिफनाथमामांना भाचा राधाकृष्ण याचा दंडवत पोचावा. रंगुमामीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, गुऱ्हाळाचा गूळ धाडतो (मागच्या पत्रात कबूल केलेलाच, नवा नव्हे). इकडे सगळे खुशाल आहोत, फक्त माझी नोकरी जायच्या बेतात आहे.

तुमच्या शिफारशीने मी साखर कारखान्यात टाइमकीपर झालो. फाटकाशी एक जुनं विजेचं यंत्र आहे. कामगाराने कार्ड घालून दांडा दाबला की त्यावर वेळ छापली जाते. हजेरी त्यावर, भोंगाही त्यावर. आणि तेच रोज चुके. सकाळी मी रेडिओच्या ठोक्यांशी मिळवून ठेवावं, तर पाळी भरेपर्यंत मागे आणि पाळी सुटेपर्यंत पुढे. शनिवारी त्याला तेलसुद्धा वाहिलं (शिंगणापूरच्या माणसाला दुसरं काय सुचणार?). घड्याळ होतं तसंच राहिलं, कार्डं मात्र तळलेल्या पापडासारखी झाली. मॅनेजर आप्पासाहेबांनी सांगितलं, महिनाअखेर घड्याळ सुधारलं तर कायम करतो, नाहीतर गावी जाऊन शेरडं राखा.

मग मी यंत्रामागे दबा धरून बसलो. भीमा फिटर उशिरा आला, काच उघडून काटा मागे सारला आणि कार्ड छापलं. मागची मंडळीही याच तयारीत. सुटताना हेच लोक काटा पुढे सारीत. मी हात धरला, तर भीमा शांतपणे म्हणाला, "झाकन उघडंच हुतं की. आमाला वाटलं, ज्याला जेवढा येळ लागंल तेवढा त्यानं घ्यावा म्हनून ठिवलंय."

झाकण उघडं होतं हे खरं. कुलूप मिळालं होतं, पण मामा, ज्या गावात घराला दार नाही तिथल्या माणसाने कुलूप लावायचं कोणत्या तोंडाने? आणि शनिदेव काय म्हणतील? शेवटी (देव लांब, साहेब जवळ) क्षमा मागितली आणि जन्मात पहिल्यांदा कुलूप लावलं. दाबलं की बसणारं. किल्ली हरवू नये म्हणून सर्वांत सुरक्षित जागी ठेवली होती, म्हणजे आत. काचेतून छान दिसते.

भीमाने मागे सारलेला काटा मिळवायचा मात्र राहूनच गेला. तेव्हापासून अख्खा कारखाना पाऊण तास उशिराने चालतो, आणि भोंग्यावर पेटणाऱ्या वसाहतीतल्या चुलीही. काल आप्पासाहेबांनी मनगटावरचं घड्याळ माझ्या यंत्राशी मिळवून घेतलं. मला अन्न गोड लागत नाही.

तुमचा,
राधाकृष्ण

ता.क. तुम्ही नगरला हवालदार. कुलूप उघडण्यात मुरलेला, पण बाकी सद्वर्तनी असा एखादा ओळखीचा चोर धाडाल का? (हाच निरोप घाईने नगरला निघालेल्या दीना ड्रायव्हरकडेही दिला आहे.)

दुसरा ता.क. पत्र खिशातच राहिलं, तेवढ्यात मी कायम झाल्याचा हुकूम आला. त्यात कारण दिलंय की हल्ली एकही कामगार उशिरा येत नाही. तेव्हा चोर नको. निघालाच असेल तर जेवूनच जाईल. फक्त त्याला समजावून सांगा, वसाहतीत मला मिळालेल्या खोलीचं दार मी पहिल्याच दिवशी उतरवून ठेवलं आहे. त्यात त्याने स्वतःचा अपमान मानू नये.