खांबांमधली खोली

१२ ऑक्टोबर

आज परत त्या खोलीत गेले.

समुद्रालगतच्या घरांचे नकाशे काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. आईबाबांचं घरही मीच काढलं – आठ फुटी खांबांवर, खाली सगळं मोकळं. पाणी चढलंच तर खालून आलं तसं निघून जावं. मग बाबांचे गुडघे गेले. ‘जिना होत नाही गं, खाली एक खोली दे.’ नाही म्हणायला हवं होतं. दिली. चार खांबांमध्ये विटांच्या भिंती.

जुलैच्या वादळात भर दुपारी पाणी आत शिरलं. आई वर होती. खाली धावली, पण पाण्याच्या रेट्याने दार उघडेना.

भिंतीवर ओलीची रेघ आहे. माझ्या हनुवटीला लागते. बाबा माझ्याहून बुटके होते.

१५ ऑक्टोबर

बाबांची काठी ऐकू येते. टक, टक – दिवसाढवळ्या, ऑफिसात! शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं. एसी आहे, म्हणाल्या.

२० ऑक्टोबर

आई सगळ्यांना सांगते, गवंड्याने मनानेच भिंती बांधल्या, लेकीला न विचारता. तो भेटायला आला तेव्हा तिने त्याला दारातूनच परत पाठवलं. मी मागेच उभी होते. तोंडातून ब्र काढला नाही. आता वस्तीत त्याला कुणी साधी पायरी बांधायला बोलवत नाही.

२१ ऑक्टोबर

काठी.

२७ ऑक्टोबर

पडझडीची चौकशी करणाऱ्या साहेबांना लिहून दिलं – भिंती माझ्या नकाशाप्रमाणेच बांधल्या. खाली सही केली.

तिथून तडक गवंड्याकडे. ओट्यावर थापी घासत बसला होता. काम नाही, तरी घासत होता. सगळं सांगितलं. चिडला असता तर बरं झालं असतं.

“मी तेव्हाच म्हणालो होतो, बाई, पाण्याला वाट ठेवू,” तो म्हणाला. “तुम्ही म्हणालात, बाबांना वारा बाधतो.”

खरंय. हे मी विसरले होते. की विसरायचं ठरवलं होतं?

२८ ऑक्टोबर

आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत.

“मला माहीत होतं,” म्हणाली. “नवरा गेलाच होता. तुलाही घालवायची नव्हती, म्हणून गवंड्याचं नाव पुढे केलं.”