उमरठची मावशी कोण होती?

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन दोन महिनेही झाले नाहीत आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. काय करणार? काल दुपारी दारात एक बाई उभी राहिली. हातात खण-नारळाची पिशवी, कडेवर वर्षाचं मूल. म्हणाली, "उमरठच्या मावशी इथंच राहतात ना? हाच पत्ता त्यांनी दिला होता. मी परदेशातून आलेय. त्यांची ओटी भरायचीय."

मी म्हटलं, "माझी आई उमरठची. पण तिला जाऊन पाच वर्षं झाली."

"असं कसं होईल? गणपतीपर्यंत तर त्या मला लिहीत होत्या!"

तिनं छापलेले कागद काढले. इंटरनेटवर मराठी मंडळी गप्पा मारतात, ते पान. खाली सही, 'उमरठची मावशी'. चार ओळी वाचल्या आणि मला सगळं कळलं. रोज सकाळी महाडच्या स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत 'पेपर वाचायला' जात होतात ना तुम्ही? छान पेपर वाचलात!

"गो पोरी, बाळ रडतंय म्हणून तू कशाला रडतेस? हिंग उगाळून त्याच्या बेंबीभोवती लाव. मी हाय ना." आई जशीच्या तशी बोलत होती. त्या परक्या बाईसमोर मला रडू आवरेना.

मग राग आला. हेच बोलणं चारचौघांत आईच्या तोंडून आलं की तुम्ही घसा खाकरायचात. हेडमास्तरांच्या बायकोनं असं बोलायचं नाही! ती मुकाट आत जायची आणि पाहुणे उठेपर्यंत भांडी लावत बसायची. ती गेल्यावर मात्र तिच्याच तोंडानं तुम्ही जगाशी गप्पा मारल्यात. लाज नाही वाटली?

वाटली असावी. कुणीतरी विचारलं होतं, मावशी, घरीही इतक्या बोलता का? त्यावर तुमचं उत्तर आहे, "नाय गो. मास्तरांना माझं बोलणं आवडत नाय. मी गप्प झाले की मग त्यांना आठवतं." हे आई कधी म्हणाली होती का? की तिच्या आडून तुम्हीच कबुली दिलीत? मग ती समोर होती तेव्हा का नाही दिलीत, अण्णा?

त्या मुलीला, मीना तिचं नाव, काय सांगायचं? 'मावशी देवाघरी गेल्या' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण तिला आई नाही. बाळंतपणातलं एकूण एक तिनं मावशीला खाजगीत लिहिलं होतं. मी खरं सांगितलं.

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे हे सगळं मी एका पुरुषाला लिहिलं?"

तुमच्या वतीनं मी माफी मागितली. ती मुलाला थोपटत बसली. मग म्हणाली, "ते हिंगाचं तरी खरं होतं?"

"ते आईचंच. मलाही तिनं तसंच लावलेलं."

ओटी तिनं पिशवीतून काढलीच नाही. मला वाईट वाटलं, पण तिचं चुकलं असं म्हणवत नाही. दारात चप्पल घालताना तिनं विचारलं, "तुमच्या आईचं नाव काय होतं?"

ती ठेवून गेलेले तीन वर्षांचे कागद मी रात्री चाळले, अण्णा, आणि एकाही पानावर आईचं नाव नाही! घरी तरी कधी घेतलंत? 'अगं' आणि 'ऐकलंस का' यावर तुमचा संसार झाला. मी म्हटलं, द्वारका. मीनानं ते हळूच स्वतःशी म्हणून पाहिलं आणि ती गेली.

म्हणून तुम्हाला वचन देते, हवं तर धमकी समजा. उद्या त्या पानावर मी माझ्या नावानं लिहिणार आहे. मावशी खरी होती, लिहिणारे माझे वडील होते, आणि ज्यांना फसवल्यासारखं वाटेल त्यांनी मला खुशाल बोलावं. दोघांचीही नावं लिहीन, कुणालाही लपू देणार नाही. आईचं आधी, तुमचं नंतर.

तुमच्यावर रागावलेली आणि तरीही तुमचीच,
वंदना