झाळलेला वाळा

ता. ४ डिसेंबर
नातीच्या हृदयास छिद्र आहे. कोल्हापुरातील डॉक्टरांनी आज स्पष्ट सांगितले. शस्त्रक्रियेवाचून उपाय नाही. सूनबाई सौ. सुरेखा हिने विचारले, "जन्मल्यापासनंच हाय व्हय?" डॉक्टर म्हणाले, "पोटात घडतानाच राहिलंय."
घडताना. हा आम्हा चांदी कारागिरांचा शब्द. हुपरीची बस येईपर्यंत दुसरे काही सुचले नाही.
दवाखान्याच्या कागदावर कारकुनाने 'ह्रदय' असे लिहिले होते. मी ते 'हृदय' करावयास लावले. एवढेच माझ्या हाती होते.

ता. ६
भट्टी पेटविली नाही. पैंजण आहे त्या अर्थी पैंजण घडविणारा आहे. मग सूर्य, चंद्र, माणसाचा डोळा यांस घडविणारा नाही कसा? हे मी जन्मभर चारचौघांत सांगत आलो. इयत्ता चौथी शिकलेल्या माणसास कोणी उत्तर देऊ शकले नाही, याचा अभिमान होता.
घडविणारा आहे. तर मग हे छिद्र कोणाच्या हातचे?

ता. ७
सुरेखास समजावून सांगितले की, घुंगरास चीर ठेवावीच लागते, त्याशिवाय ते वाजत नाही; यातही काही हेतू असेल. ती बाळास पाजत होती. वर न पाहता म्हणाली, "मामा, घुंगरू न्हाय ती. रडताना निळी पडतीया."


ता. ९
मेहबूब पॉलिशचा माल न्यावयास आला. भट्टी थंड पाहून खाली बसला. घरात बोलता येत नाही ते त्यास सांगितले. चीर गेलेला नग मी मुशीत टाकतो, वितळवितो, नवा घडवितो. चांगल्या कारागिराची हीच रीत. वरच्याचीही हीच रीत असेल तर? तो नाहीच असे मानले, तर पोरीस मोडीत काढणारा कोणी उरत नाही. परंतु मग हात कोणापुढे जोडू?
मेहबूब म्हणाला, "दत्तू, तू देवाला हुपरीत आणून भट्टीम्होरं बसवलास की."
"मग तो कसा आहे, तू सांग."
"मला काय ठावं? मी पॉलिशवाला. च्या सांग आधी."
चहा झाल्यावरही पुष्कळ वेळ बसला. माल न घेताच गेला.

ता. १२
देवापुढे बसलो. आहेस म्हणावे तर भय वाटते. नाहीस म्हणावे तर

ता. १५
उद्या शस्त्रक्रिया. बारसे आजारपणात राहून गेले, त्यामुळे आजोबांकडचे वाळेही राहिले. सुरेखा म्हणाली, "तुमच्या हातचं वाळं घातल्याबिगर मी तिला न्हेनार न्हाय." सकाळी भट्टी पेटविली.
एक वाळा उत्तम उतरला. दुसरा वळविताना चिरला. सवयीने तो चिमट्यात धरून मुशीकडे नेला. सुरेखा बाळास घेऊन दारात उभी होती.
"त्याचं काय करतायसा?"
"वितळविणार."
"झाळून चालंल की."
"जोड दिलेल्या मालावर मी माझा ठसा मारीत नाही, सूनबाई."
"मग नका मारू. पर वितळवू नका."
मी चिमटा खाली ठेवला. चिरेस झाळ दिली, चांदीचा जोड वितळवून ती बुजविली. पाण्यात टाकले तेव्हा चर्रकन आवाज झाला आणि बाळ हसले.
जोड घासून झाल्यावर ठशाची हातोडी उचलली, ठेवली. पुन्हा उचलली.

ता. १६
बाळास आत नेले. परिचारिकेने दोन्ही वाळे काढून माझ्या तळहातावर दिले. माझा मुलगा अजित खिडकीकडे तोंड करून उभा आहे. सुरेखा माझ्या शेजारी बसली आहे.
कोणता वाळा झाळलेला, हे डोळ्यांस कळत नाही, नखास कळते. ठसा दोहोंवर आहे.
हात जोडले. घडविणाऱ्या, असे म्हणवेना. झाळणाऱ्या, असे म्हणालो. हा तोच की दुसरा, की केवळ आत हातमोजे घालून उभा असलेला तो तरुण डॉक्टर, मला ठाऊक नाही. सुरेखाने विचारले, "काय म्हणालासा, मामा?" मी झाळलेला वाळा तिच्या हाती दिला.
दार अद्याप बंद आहे.