किटलीतला चुना

नावन, मंगळवार, १२ ऑक्टोबर २००४

आज लेकीशी किटलीवरून वाजलं. इथल्या पाण्याने आत चुना धरतो. अनघा डोकावून म्हणाली, "आई, आता यात शिंपले निघतील. व्हिनेगर घालू का?" मी किटली तिच्या हातातून काढून घेतली. म्हटलं, राहू दे, त्यात तुझ्या बाबांचा चहा आहे. ती पर्स उचलून तिच्या घरी गेली.

डोक्यात लायब्ररीतलं पुस्तक होतं. समुद्रतळाच्या गाळात बारीक जीवांची चुन्याची कवचं थरावर थर साठतात. जमिनीवर बर्फ वाढला की पाण्यातल्या ऑक्सिजनचा हलका प्रकार त्यात अडकतो, जड प्रकार समुद्रात उरतो आणि कवचांत उतरतो. त्यावरून उबदार काळ कुठला, हिमनद्या कधी वाढल्या, याचा अंदाज बांधतात. सगळ्यात जुना थर तळाशी. मला वाटलं, किटलीच्या तळाशी हे असतील.

संध्याकाळी भांडी पुसताना आठवलं. हे दर एक तारखेला किटलीत व्हिनेगर उकळायचे. घरभर वास. मी कुरकुरत खिडकी उघडायचे. म्हणजे यांच्या वेळचा थर उरलेलाच नाही. हा सगळा चुना हे गेल्यानंतरचा, चौदा महिन्यांचा, माझ्या एकटीच्या चहाचा. हे आधी कसं सुचलं नाही?

अनघाला फोन केला, तुझं बरोबर होतं म्हणून सांगितलं. "मग उद्या येऊन करू?" नको म्हटलं.

व्हिनेगर ओतलं, उकळलं. चुना फसफसून सुटला. वास तोच. खिडकी उघडली नाही.